गीझरचा आवाज, माझा आवाज

आमचा गीझर आधी पुटपुटायचा, मग कुरकुरायचा आणि पाणी तापत आलं की आतून कोणी बुक्के मारतंय असं वाटायचं. सकाळी सहाला बटण दाबलं की सव्वासहाला बुक्के सुरू. बाथरूमची ती भिंत आमची आणि शेजारच्या मासींची सामाईक. मासी, म्हणजे मावशी, मूळच्या काठियावाडच्या, मुलगा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात. त्यांनी सरळ तक्रार कधीच केली नाही. लिफ्टपाशी भेटल्या की हसून विचारायच्या, "बेन, आजे पण तमारुं एन्जिन उपड्युं ने?" इंजिन सुटलं म्हणजे आमचा गीझर. मीही हसायचे आणि घरात येऊन चिडायचे.

चिडायचे ती सासऱ्यांवर. आम्ही त्यांना आबा म्हणतो. घरातली फिरणारी, तापणारी, आवाज करणारी कुठलीही वस्तू बिघडली की ती त्यांच्या ताब्यात जायची. आबांनी सुरतेत बत्तीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यांत काढली. खातं म्हणजे लूमची शेड. आधी कारागीर म्हणून आणि मग जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा माणूस. एका पत्र्याखाली पन्नास-साठ लूम रात्रंदिवस चालली की माणसाच्या कानांचं जे होतं ते आबांच्या कानांचं झालेलं होतं. मशीन मात्र त्यांना घाबरतं अशी त्यांची पक्की समजूत होती. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, सगळ्यांनी ती खरीही करून दाखवली होती. एकटा गीझर ऐकत नव्हता.

लग्न होऊन मी नाशिकहून सुरतेला आले तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यामुळे या घरच्या रीती मी आपल्या अंदाजानेच शिकले. त्यातली पहिली रीत मी ठरवली ती अशी, की आबांशी ओरडून बोलायचं. ओट्याशी पाठमोरी उभी राहून मी "आबा, जेवायला या" असं दोनदा ओरडायचे. आले नाहीत की हात पुसत जायचे, त्यांच्या कानाशी तोंड न्यायचे आणि पुन्हा ओरडायचे. ते दचकून उठायचे. माझी मुळातच सहनशक्ती कमी. दिवसातून दहादा असं ओरडायचं म्हटल्यावर आवाजात जी धार येते ती माझ्याही आवाजात आली होती, आणि ती मला ऐकू येईनाशी झाली होती.

नवऱ्याचं वेगळंच. तो सुरतेजवळ सचिन म्हणून गाव आहे तिथे डाईंगच्या मिलमध्ये पाळीवर असतो. घरी आला की ताट घेऊन बापाच्या पुढ्यात बसायचा, खालच्या आवाजात अहिराणीत काहीबाही बोलायचा, आणि आबा मान हलवून उत्तर द्यायचे. हे बघून माझं ठाम मत झालं होतं की म्हाताऱ्याचा बहिरेपणा सोयीचा आहे. मुलाचं ऐकू येतं, सुनेचं येत नाही. माहेरी फोनवर हे मी किती वेळा बोलले असेन, मोजलेलं नाही.

या ओरडण्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही राहत नसे. आबांना सांगायचं म्हणजे सगळ्या मजल्याला सांगायचं. त्यांचं पोट साफ झालं का, हे मासींना माझ्याबरोबरच कळायचं. म्हणून जे नाजूक असेल ते मी आबांना सांगतच नसे. नवरा सांगेल तेव्हा सांगेल, नाहीतर राहील.

तर गीझर. आबांचा तपासायचा प्रकार बघण्यासारखा होता. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर, सुरतेत ज्याला डिसमिस म्हणतात, तो घ्यायचा. टोक टाकीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. खात्यात लूमच्या पोटातला बिघाड ते असाच शोधायचे. कानांनी साथ सोडली तरी हाडांनी सोडलेली नव्हती. दोन-तीन मिनिटांनी डोळे उघडून निकाल द्यायचे, "कोठे तरी ढिलं शे."

लूममध्ये आवाज येतो तो ढिलेपणातून. पट्टा ढिला, बोल्ट ढिला, नाहीतर झिजून कुठे फट पडलेली. आबांनी गीझरचे बोल्ट आवळले. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. बिजागरीला घालतात तसं तेल घातलं, दोन दिवस अंघोळीच्या पाण्याला वास आला. शेवटी त्यांनी आपल्या जुन्या पिशवीतून चामड्याचा एक पट्टा काढला, लूमचाच कसला तरी, आणि टाकीला कमरेपाशी घट्ट बांधून टाकला. बुक्के जसेच्या तसे होते. पण आबांना, त्यांच्या कानांना, फरक पडल्यासारखा वाटला. दसऱ्याला त्यांच्या पाने-डिसमिसांची पूजा असते. त्या वर्षी त्यांनी गीझरलाही हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. मी स्वयंपाकघरातून "आता साडी पण नेसवा त्याला" असं पुटपुटले. पाठमोरीच होते, त्यामुळे चाललं.

आणखी एक गोष्ट होती, जिच्यात माझा हात आहे. गीझरच्या खाली एक छोटा व्हॉल्व असतो, त्यातून पाणी टपकायचं. फरशी ओली राहायची, शेवाळ धरायचं. हे मी आबांच्या कानाशी रोज ओरडायचे. एक दिवस टपकणं थांबलं. मला बरं वाटलं. कसं थांबलं, ते मी विचारलं नाही.

माघ महिन्यात पुतण्याच्या लग्नासाठी आबा चार दिवस धुळ्याकडे गावी गेले. त्यांची रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी फोन काढून मिस्त्री बोलावला. लपवायचंच होतं. त्यांच्यादेखत मिस्त्री आणला असता तर ते दाराशी उभे राहून सगळं बघत बसले असते, काही बोलले नसते, आणि मला ते बघवलं नसतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला कटकट नको होती.

मिस्त्रीने गीझरची वीज बंद केली, पाणी सोडून दिलं आणि खालचं झाकण उघडलं. आत कॉइल कुठली ते ओळखू येत नव्हतं. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा जाड थर बसलेला. आमच्या सोसायटीत बाथरूमला बोअरचं पाणी येतं, त्यातला हा क्षार. मिस्त्रीने समजावलं की या थराच्या खाली पाणी अडकतं, तिथल्या तिथे उकळतं आणि थर फोडून वर येतं, तेच हे बुक्के. टाकीच्या तळातून त्याने क्षाराच्या खपल्या अर्धी बादली काढल्या. मग त्याने तो खालचा व्हॉल्व हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ये किसने ठूंसा?"

व्हॉल्वच्या तोंडात रबराचं बूच कोंबलेलं होतं आणि वरून तार आवळलेली. काम अतिशय सुबक होतं, तारेचं टोकसुद्धा कोणाला लागू नये म्हणून आत वळवलेलं. मिस्त्री म्हणाला, "ये टपकता है तो टपकने दो. प्रेशर यहीं से निकलता है. ये बंद किया और गीझर चालू रह गया, तो टंकी फट सकती है."

रोज त्या टाकीखाली आमची अंघोळ होत होती. आबांवर मला भयंकर राग आला. टपकणं थांबवा म्हणून रोज ओरडणारी कोण होती, हे तेव्हा आठवायचं मी टाळलं. नवी कॉइल, नवा व्हॉल्व बसला. चामड्याचा पट्टा मिस्त्री काढत होता, मी त्याला राहू दे म्हणाले. पट्टा जागेवर दिसला म्हणजे आबांच्या लक्षात येणार नाही, एवढाच माझा विचार होता.

आबा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं आणि गीझर गप्पच राहिला. आबा डिसमिस घेऊन गेले, टाकीला लावून डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ. मग बाहेर आले ते असे, की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा उजळलेला, वय दहा वर्षांनी उतरलेलं.

"गीझर गप बठना," ते म्हणाले. "तू काही करं का?"

दार उघडं होतं. बाहेर मासी भाजीवाल्याशी बोलत होत्या. त्यांना खरं काय ते सांगायचं तर ओरडावं लागणार होतं, आणि तो चेहरा समोर. मी हात केला, बाथरूमकडे बोट दाखवलं आणि कमरेला पट्टा बांधल्याची खूण केली. म्हणजे तुमच्या पट्ट्याने झालं. शब्दसुद्धा खर्च केला नाही. आबांनी मान डोलावली, त्यांना ते पटवून घ्यायचंच होतं.

पुढच्या आठवड्यात वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, खाली बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना ती हकीकत कळली. आबा एरवी कमी बोलणारे. पण आता संध्याकाळी बाकावर बसून हातवारे करून पट्टा कसा बांधला ते सांगायचे. मी खिडकीतून बघायचे. रोज वाटायचं, आज व्हॉल्वचं तरी सांगून टाकावं. ते बूच तुम्ही मारलं होतं, पुन्हा कधी मारू नका, एवढंच. आणि रोज वाटायचं की एवढं सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल, तेही ओरडून. उद्यावर टाकत गेले.

आठव्या की नवव्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. मासींच्या घरातून पकडीचा आवाज आला. आमच्या घरात आबा नव्हते, भिंतीवरची त्यांची हत्यारांची पिशवीही नव्हती. मला एकदम कळलं. तशीच ओल्या हातांनी धावले.

मासींच्या बाथरूममध्ये आबा स्टुलावर उभे होते. मासी कौतुकाने सांगत होत्या, "अमारो पण टपकतो'तो, काकाए बंध करी दीधो." व्हॉल्वच्या तोंडात रबर बसलेलं होतं, तार आवळून झालेली, टोक आत वळवलेलं. मासींचं बोट बटणावर होतं.

मी ओरडले. आबांच्या पुढ्यात जाऊन, स्टुलापाशी उभी राहून, जितका आवाज होता तितका लावून ओरडले.

"आबा, काढा ते. आपला गीझर तुमच्यामुळे गप झालेला नाही. मिस्त्री आणला होता मी, तुम्ही गावाला गेल्यावर. तुम्ही मारलेलं बूच त्याने काढलं, नाहीतर टाकी फुटली असती आपली. तुम्हाला यातलं काही कळत नाही."

शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. आधीच्या वाक्यांनी काम झालेलं होतं. आबा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. दाराशी मासींची सून येऊन उभी राहिली, वरच्या मजल्यावरचं कोणीतरी जिन्यात थांबलं. बाथरूमच्या फरशीवर आवाज घुमतो, त्यामुळे माझं मलाच ते दुसऱ्यांदा ऐकू आलं.

आबांनी तार सोडवली. रबर काढून खिशात घातलं. स्टुलावरून उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही, भिंत धरली. मासींना म्हणाले, "बेन, मिस्त्रीने बोलावजो," आणि पाना, पकड, डिसमिस एकेक करून पिशवीत ठेवून घरी आले. मी मागोमाग आले. रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, जीव वाचवलास की, रडतेस कशाला. त्याचं बरोबर होतं. मासीसुद्धा तेच म्हणाल्या, दोनदा घरी येऊन म्हणाल्या. कोणी मला दोष दिला नाही, त्यामुळे तो माझ्याजवळच राहिला.

आबांची पिशवी मात्र भिंतीवरून उतरून माळ्यावर गेली. पंखा कुरकुरायला लागला, त्यांनी वर पाहिलं आणि पेपर वाचत राहिले. खाली बाकावर जाणं बंद झालं, संध्याकाळी ते गॅलरीत बसू लागले. दसऱ्याला मी स्वतः स्टूल घेऊन पिशवी उतरवली, हत्यारं पुसून पाटावर मांडली. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं आणि पिशवी पुन्हा वर ठेवायला माझ्याच हातात दिली. गीझरला फूल मीच लावलं. ते दारातून दिसत होतं, पण त्यांनी तिकडे पाहिल्याचं मला दिसलं नाही.

या हिवाळ्यात गीझर पुन्हा पुटपुटायला लागला. मिस्त्री म्हणालाच होता की बोअरचं पाणी आहे तोवर वर्षातून एकदा साफ करावाच लागेल. मी मिस्त्रीला फोन लावला नाही. एका सकाळी नवरा पाळीला गेल्यावर बुक्के सुरू झाले, तेव्हा मी माळ्यावरून पिशवी काढली आणि गॅलरीत आबांच्या समोर नेऊन ठेवली. काय करायचं ते मला आता माहीत होतं. वीज बंद, पाणी बंद, झाकण उघडायचं, क्षार काढायचा, व्हॉल्वला हात लावायचा नाही. ते त्यांना सांगेन, ते हाताने करतील, असं मी ठरवून आले होते.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "मिस्त्रीले बलाव," म्हणाले. रागाने नाही, साधंच, चहा टाक म्हणावं तसं.

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. शेजारच्या गॅलरीत मासी तांदूळ निवडत होत्या, त्यामुळे ओरडणं शक्य नव्हतं, आणि त्या दिवसानंतर माझ्याने ओरडवतही नव्हतं. त्यांना ऐकू जाणार नाही हे धरूनच, मी आपल्याशीच, अगदी हळू बोलले. "आबा, माझं चुकलं. पट्ट्याचं खोटं सांगायला नको होतं. सगळ्यांसमोर तर ते बोलायलाच नको होतं."

"माले समजनं," आबा म्हणाले.

मला वाटलं मिस्त्रीबद्दल काहीतरी बोलतायत. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ऐकू आलं तुम्हाला?" मी तितक्याच हळू विचारलं.

"ऐकू नही येस. व्हट दिखतस." मग लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "खातामा कोनी वरडे नही, माय. इतला आवाजमा वरडीसन काय व्हई? समोर उभं राहीसन धीरे बोलानं. तुन्ही सासू बी मन्हाशी तशीच बोले."

लूमच्या खात्यात कोणी ओरडत नसे. ओरडून उपयोगच नव्हता. समोर उभं राहून हळू, स्पष्ट ओठ हलवायचे, आणि समोरच्याने ते वाचायचे. बत्तीस वर्षं ते असंच बोलत आणि ऐकत आले होते. नवरा ताट घेऊन त्यांच्या पुढ्यात बसायचा तो यासाठी. कानाशी तोंड नेलं की ओठच दिसत नाहीत, आणि मी दहा वर्षं एक तर पाठमोरी होते, नाहीतर त्यांच्या कानाशी.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू कायम घाईमा ऱ्हास," आबा म्हणाले.

आत गीझर बुक्के मारत होता. मला मासींचं बाथरूम आठवलं. ते स्टुलावर, मी त्यांच्या पुढ्यात, वरून दिव्याचा उजेड सरळ माझ्या तोंडावर. विचारू नये असं वाटत होतं, तरी मी विचारलं.

"आणि त्या दिवशी, मासींकडे? ते शेवटचं वाक्यही?"

आबांनी पिशवीची दोरी सारखी केली आणि ती माझ्याकडे सरकवली.

"तू समोरच व्हती," ते म्हणाले.